रंग न लागलेला तुकडा

देवरुखला परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, अजिंठा कसा वाटला. फर्दापूरपर्यंत जाऊन आले म्हटल्यावर लोक पुढचं गृहीत धरतात, कारण तिथून लेणी अगदी जवळ आहेत. मी लेणी पाहिली नाहीत. मी एका माणसाला पाहायला गेले होते, तो अजून जिवंत आहे म्हणून.

माझे यजमान माधव फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. त्यांनी जन्मात विडी-सिगारेटला बोट लावलं नव्हतं. इस्पितळात त्यांच्या शेजारच्या खाटेवर सोनाजी होता, फर्दापूरच्या बाजूचा मेंढपाळ. त्यालाही तोच आजार. दोघांच्या फुप्फुसाचा तुकडा काढला, दोघांना औषधं चढली तीही सारखीच. विडी सोडा असं सांगितलं की सोनाजी डॉक्टरांनाच विचारायचा, तुम्ही चहा सोडला का? माधव गेले. सोनाजी मेंढ्यांमागे परत गेला. त्याची बायको गयाबाई त्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन वॉर्डातून बाहेर पडली ती पाठ मला अजून दिसते. हेवा वाटला तो सोनाजीचा नाही. हेवा वाटला तो त्या पाठीचा.

पुढे मी त्याच शहरातल्या कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले आणि माहेरी कोकणात येऊन राहिले. एका रविवारी पुरवणीत वाचलं की फुप्फुसाच्या गाठीत काही पेशी मूलपेशींसारख्या असतात, त्यांच्या अंगावर विशिष्ट खुणा असतात, आणि त्या खुणा किती आहेत त्यावरून रोगी किती जगेल याचा अंदाज बांधता येईल का हे शास्त्रज्ञ पाहत आहेत. मी तो मजकूर तीनदा वाचला आणि तबस्सुमला फोन केला. तबस्सुम आता त्याच इस्पितळात रोगनिदान विभागाची डॉक्टर आहे. एके काळी ती माझ्या ग्रंथालयात सर्वांत उशिरा पुस्तकं परत करणारी मुलगी होती. माधवच्या गाठीचा तुकडा अजून मेणात जपलेला आहे का, असं मी विचारलं. ती म्हणाली, आहे बाई, आणि तपासून झाला आहे. या, दाखवते.

मला काय हवं होतं ते स्पष्ट लिहिते. माधवचा तुकडा त्या खुणांनी भरलेला निघावा आणि सोनाजीचा कोरा. म्हणजे कारण मिळालं असतं, आणि कारण मिळालं की हेवा करायला जागा उरली नसती.

पुंडलिकनगर

बसस्थानकावरच्या पाट्यांवर आमच्या जुन्या शहराचं नवं नाव होतं. वाहकाने नवं नाव पुकारलं, रिक्षावाल्याने जुनं. "पुंडलिकनगर? बैठो ना मैडम, उधरका रस्ता खोदके रखे, घूमके जाना पडेगा." घूमके म्हणजे किती ते मला लवकरच कळलं. माझ्या ओळखीचे कोपरे सापडेनात. जिथे मोकळ्या प्लॉटवर म्हशी बसायच्या तिथे चार मजली इमारत उभी होती आणि तिच्या फाटकाशी टँकरचा पाइप लोंबत होता.

उतरले आमच्या जुन्या घरमालकीण शिंदेकाकूंकडे. जिन्याखाली, व्हरांड्यात, तुळशीपलीकडे, सगळीकडे निळे ड्रम. नळाला पाणी कधी येणार हा या शहरात हवापाण्याच्या गप्पांचा विषय नाही. लोक त्यावरून लग्नाची तारीख ठरवतात. काकूंनी अंघोळीला अर्धी बादली दिली आणि वर बजावलं की पाणी न्हाणीत सांडू द्यायचं नाही, परातीत उभं राहायचं, ते झाडांना लागतं. मी परातीत उभी राहून अंघोळ केली. काकूंनी धपाटे आणि दही पुढे ठेवलं, आणि माझ्या गावच्या पावसाची चौकशी केली. मी सांगितलं तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"तुमच्याकडं वरून फुकट पडतं," त्या म्हणाल्या, "अन् तुम्ही ते समुद्राला देऊन टाकता. हे पाप नाय तर काय?"

मला हसू आलं. हेवा करणारी माणसं कशी बोलतात हे मी पहिल्यांदाच बाहेरून ऐकत होते.

तपकिरी

तबस्सुमच्या खोलीत दोन जणांना एकाच वेळी पाहता येईल असं सूक्ष्मदर्शक होतं. एका बाजूला ती बसली, दुसऱ्या बाजूला मी. तिने आधी मेणाची वडी माझ्या हातात दिली. देवाच्या कापराच्या वडीहून थोडी मोठी, आणि तिच्या मधोमध करड्या रंगाचा ठिपका. तो माधव होता. हातात काही वजन लागेना. मी ती परत दिली.

तिने समजावलं ते मला समजलं तसं लिहिते. गाठीतल्या बहुतेक पेशी नुसत्या गर्दीच्या असतात, औषधाने मरतात. काही थोड्या मात्र मुळाशी बसलेल्या असतात, आमच्याकडच्या लव्हाळ्याच्या गाठीसारख्या. वरचं गवत उपटा, ती मातीत राहते आणि पुन्हा फुटते. अशा पेशींच्या अंगावरची खूण ओळखणारं रसायन काचेवरच्या तुकड्यावर सोडतात; जिथे खूण असेल तिथे तपकिरी रंग धरतो. बाकी सगळं निळसर राहतं. पुष्कळ रोग्यांचे तुकडे असे रंगवून पाहिले तर तपकिरी जास्त असलेली माणसं एकूणात कमी जगलेली दिसतात, असं काही अभ्यास सांगतात. काही तसं सांगत नाहीत.

मी डोळा लावला. निळं होतं. संध्याकाळी खाडीचं पाणी होतं तसं निळं, आणि त्यात पेशींचे गर्द ठिपके. तबस्सुम काच हळूहळू सरकवत होती आणि मी तपकिरी रंगाची वाट पाहत होते. एका कडेला एक-दोन पेशी जरा मळकट वाटल्या.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच, बाई. यांचा तुकडा जवळजवळ कोरा आहे. चांगल्या गटातला."

मी काच पुन्हा एकदा सरकवायला सांगितली. मग तिने न विचारता दुसरी काच लावली आणि म्हणाली, ही कोणाची ते सांगणार नाही, पण बघा. सगळीकडे तपकिरी. काढ्याची भुकटी सांडावी तसं. हा माणूस आज भाकरी खातोय, ती म्हणाली, म्हणून मी म्हणते की ही खूण घोळक्याबद्दल बोलते, एकट्या माणसाबद्दल नाही. तिला मला धीर द्यायचा होता. मी ज्या कारणासाठी आले होते तेच तिने काढून घेतलं.

निघताना मी सांगितलं की उद्या गयाबाईकडे जाणार आहे, फर्दापूरला. तबस्सुम थबकली. सोनाजी बरेच महिने तपासणीला आलेला नाही, फोन उचलत नाही, तेवढा निरोप द्याल का, असं तिने विचारलं. त्याच्या डॉक्टरांना काळजी आहे. तिने एवढंच सांगितलं, पण दुसरी काच पेटीत ठेवताना तिने माझ्याकडे पाहायचं टाळलं. मला समजलं. समजलं असं मला वाटलं तरी.

फर्दापूर

सिल्लोडपर्यंत रस्ता म्हणजे धूळ, आणि सिल्लोडनंतर जास्त धूळ. दोन्ही बाजूंना शेतं भाजलेल्या खापरासारखी. कोकणातली माणसं हिरव्या रंगाला किती सोकावलेली असतात ते इथे कळतं. माझे डोळे दर थोड्या वेळाने काहीतरी शोधायला लागायचे. सिल्लोडला एका बाईच्या पाटीत हिरव्या मिरच्या दिसल्या तेव्हा मी त्यांच्याकडे फुलांकडे पाहावं तशी पाहत राहिले. तिने विचारलं, किती देऊ? मला मिरच्या नको होत्या. तरी घेतल्या.

फर्दापुरात उतरल्यावर चार जणांनी लेण्यांना न्यायची तयारी दाखवली. सोनाजीच्या वस्तीला न्यायला कोणी तयार होईना. शेवटी एकाने दुचाकीवर नेलं आणि वाटेत विचारलं, त्याच्यात काय बघायचंय?

पत्र्याचं घर, बाजूला काटेरी कुंपणाचा वाडा, वाड्यात मेंढ्या. पूर्वी याच्या दुप्पट होत्या असं गयाबाईने सांगितलं. मुलगा शहरात कंपनीत लागला, चाऱ्याला पैसे पाठवतो. चारा मिळाला तर. तिने मला ओळखलं ते लांबूनच. जवळ येऊन माझ्या कपाळाकडे पाहिलं, हात धरून ओसरीत नेलं आणि पाण्याचा तांब्या दिला. मी दोन घोट प्याले आणि आमच्याकडच्या सवयीने उरलेलं पाणी अंगणात भिरकावलं.

अंगणाच्या कडेला बसलेल्या सोनाजीने मान वळवली. एक कोंबडी तेवढी धावत गेली. ओला डाग मातीत नाहीसा होईपर्यंत आम्ही तिघंही त्याच्याकडे पाहत होतो.

"असू द्या, बाई," सोनाजी म्हणाला. "कोकणाचा हात हाय."

तो वाळला होता, पण ताठ होता. डोक्यावर तेच लाल मुंडासं. मी त्याच्याकडे पाहत राहिले आणि माझ्या मनात जे आलं ते असं, की या छातीत हवा जाते आणि येते. गयाबाई चुलीपाशी भाकरी थापत त्याला तासत होती. आवं, तिथं उन्हात नका बसू. आवं, पाहुण्यांसमोर तरी ते मुंडासं झटका. तो खोकला तेव्हा तिचा हात भाकरीवर थांबला. खोकला संपेपर्यंत तिने कान दिला आणि साधाच आहे अशी खात्री पटल्यावर पुन्हा थापायला लागली. खोकला असा ऐकायची पद्धत मला येते. आता ती माझ्या काही उपयोगाची नाही.

जेवायला शेंगोळे होते, हुलग्याच्या पिठाचे, लसणाचा ठसका असलेले, बाजरीच्या भाकरीबरोबर. सिल्लोडच्या मिरच्यांचा गयाबाईने ठेचा केला. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात. इथे गयाबाईने माझं ताट बघितलं आणि न विचारता वाढलं. मी पोटभर जेवले. आणि निरोप सांगितला नाही.

विसरले नव्हते. जेवणाआधी जिभेवर होता, जेवणानंतर होता. संध्याकाळच्या गाडीने परत फिरले असते, तबस्सुमला सांगितलं असतं की घरी कोणी नव्हतं. मग मी मनात म्हटलं असतं की पाहू या आता, तपकिरी रंग खरा की खोटा. हा विचार मी ओसरीत बसून, तिच्या हातची सुपारी चघळत केला.

उन्हं कलली तेव्हा एक व्यापारी जीप घेऊन आला. सोनाजी उठून वाड्यात गेला. मीही कुंपणाशी जाऊन उभी राहिले. व्यापारी मेंढ्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता, चाचपत होता, आणि एखादी पसंत पडली की डब्यातल्या लाल रंगात चिंधी बुडवून तिच्या पाठीवर एक पट्टा ओढत होता. नेणार बाजारच्या दिवशी. रंग लागलेल्या मेंढ्या बाकीच्यांत मिसळल्या आणि पालापाचोळा चघळायला लागल्या. गयाबाई घराकडे तोंड करून भांडी घासत होती, राखेने, कोरडी.

जीप गेल्यावर सोनाजी माझ्या शेजारी आला.

"हा रंग लागला का मेंढरू आपलं नसतं, बाई. वाड्यात ऱ्हातं, चारा आपलाच खातं, पर त्ये खाटकाचं." त्याने विडी काढली, गयाबाईकडे पाहिलं आणि परत ठेवली. "माझ्या तुकड्याला बी लावलाय. दवाखान्यातला पोरगा म्हन्ला, काका, तुमच्या तुकड्यानं लई रंग धरलाय. हसून म्हन्ला. त्या दिशी ठरवलं. आपल्या पायानं तिथं कामून जायचं?"

मागे भांडं वाजायचं थांबलं. गयाबाई केव्हा आली ते आम्हाला कळलं नव्हतं.

"मला तर म्हन्ले," ती हळू म्हणाली, "डाक्टर बोलला, आता यायचं काम नाय."

ती त्याच्याकडे पाहत होती. हातावर राख तशीच. मग ती माझ्याकडे वळली. शिकलेल्या बाईने आता काहीतरी सांगावं असं त्या डोळ्यांत होतं. मी रसायनाबद्दल बोलू शकले असते. मूलपेशी, खुणा, अभ्यास, सगळं मला पाठ होतं. पण त्याने त्या लाल पट्ट्याचं काही झालं नसतं. त्या पट्ट्याची भीती मोडून काढेल अशी एकच गोष्ट माझ्यापाशी होती, आणि ती मला कोणालाच द्यायची नव्हती.

"सोनाजीभाऊ," मी म्हटलं, "माधवच्या तुकड्याला रंग लागलाच नव्हता. काल मी डोळ्यांनी पाहिलं. कोरा होता."

"सायबांच्या?"

"हो."

"आन् तरी?" गयाबाईने विचारलं.

"तरी."

गयाबाईने राखेचा हात माझ्या मनगटावर ठेवला. सोनाजीने रंग लागलेल्या मेंढ्यांकडे बोट केलं.

"मंग ह्यो रंग सांगतो तरी काय?"

मी तबस्सुमने सांगितलं ते सांगितलं. पुष्कळ माणसं एकत्र धरली तर थोडंफार कळतं. एकट्याचं कळत नाही. म्हणूनच बोलावतात, पुन्हा पुन्हा बघायला. तिथे कोणी कोणाला निवडून ठेवत नाही.

"म्हंजे रेडिओवरल्या पावसावानी," तो म्हणाला. "जिल्ह्यात पडंल म्हंत्यात. आपल्या वावराचं कोन सांगनार."

"वावराचं मी सांगते," गयाबाई म्हणाली. "उद्या पहिल्या गाडीनं जायचं. मेंढरांकडं धाकटा दीर बगंल."

"आन् बाईला लेणी दावायची ऱ्हायली ना?"

"लेणी कुठं पळून जात नाय. तुमी जाता."

परत शहरात

पहिल्या गाडीत गयाबाईने खिडकीतून हातातली गाठोडी टाकून तीन जागा धरल्या आणि चौथ्या माणसाशी भांडून त्या राखल्या. सोनाजी मधे, आम्ही दोघी बाजूंना. म्हणे पळायला नको.

इस्पितळात तपासणीच्या खोलीत शिरण्याआधी खिसे रिकामे करायला सांगतात. सोनाजीने खिशातलं सगळं गयाबाईच्या ओंजळीत ओतलं: चिल्लर, काड्यापेटी, एक दोरा, आणि विड्यांचं बंडल, अर्धं संपलेलं. तो आत गेला. ती बाहेर बाकावर ते बंडल मांडीवर घेऊन बसली. ओरडायला समोर माणूस नव्हता म्हणून तिने ओठ आवळून ठेवले होते.

आम्ही वाट पाहत बसलो. भिंती नव्या होत्या, फरश्या नव्या, गर्दी कितीतरी जास्त. बाक मात्र तेच. माधव आत असताना मी याच रांगेत बसायचे. आता सोनाजी आत असताना माझ्या मनात काय चाललं होतं ते विचारलं तर सगळंच चाललं होतं. त्याला काही निघू नये असं मला वाटत होतं. आणि एका कोपऱ्यात, लव्हाळ्याच्या गाठीएवढं, दुसरंही काही होतं. मी ते उपटायला गेले नाही. मी गयाबाईचा हात धरून बसले, एवढंच करता येण्यासारखं होतं.

संध्याकाळी त्याच्या डॉक्टरांनी बोलावलं. सध्या नवीन काही दिसत नाही, म्हणाले; पण यायचं, दर वेळी यायचं. गयाबाईने मान हलवली, नमस्कार केला, बाहेर आली, आणि जिन्यात पोचल्यावर बंडल सोनाजीच्या नाकासमोर धरलं. मग जे सुरू झालं ते फाटकापर्यंत, फाटकातून रस्त्यापर्यंत आणि रस्ता ओलांडून मिठाईच्या दुकानापर्यंत चाललं. मेलेल्या सासूपासून विकलेल्या मेंढ्यांपर्यंत सगळे त्यात आले. सोनाजी मान खाली घालून ऐकत होता आणि मधूनच माझ्याकडे बघून डोळा बारीक करत होता. दुकानदाराने गरम इमरती द्रोणात दिली. गयाबाईने एक तुकडा मोडून त्याच्या तोंडात कोंबला, तो बोलू नये म्हणून, आणि पुढे चालू ठेवलं.

मी त्यांच्या मागे दोन पावलं उभी होते. माझ्या द्रोणातली इमरती गार होत होती. आनंद झाला होता, तो खोटा नव्हता. पण कोणाला इतकं रागे भरता येणं, भर रस्त्यात, पोटभर, आणि समोरच्याने ते ऐकायला तिथे असणं, याचा मला फार हेवा वाटला.

देवरुख

इथे आल्यावर पहिल्या दिवशी मी परातीत उभी राहून अंघोळ केली आणि पाणी जास्वंदीला घातलं. वहिनीने वेड्यात काढलं. बाहेर पागोळ्या गळत होत्या.

तबस्सुमने विचारलं होतं की सोनाजीला तपासणीची आठवण कोण करून देणार. मी करते म्हटलं. तेव्हापासून तारीख जवळ आली की मी फर्दापूरला फोन लावते. तो आता उचलतो. येतो म्हणतो, पावसाची चौकशी करतो, मग त्याला खोकला येतो. लगेच मागून गयाबाईचा आवाज सुरू होतो. फोन ठेवायचा त्याला कधी सुचत नाही. तो तसाच कुठेतरी पडतो आणि ती बोलत राहते, उन्हाबद्दल, विडीबद्दल, मुंडाशाबद्दल.

मीही ठेवत नाही. ती थांबेपर्यंत फोन कानाशी धरून बसते.